उजव्या हातच्या बांगड्या

आईनं कोर्टात उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, की माझा नवरा आता जिवंत नाही असं मी समजते. एक वाक्य. ते ती बोलली असती तर होडी भावाच्या नावावर झाली असती. आणि नेमकं तेवढं सोडून ती बाकी काय वाटेल ते बोलायला तयार होती.

सात वर्षांपूर्वी माझे बाबा आमच्याच होडीतून दर्यावर गेले. होडी परत आली, बरोबरचे दोन खलाशी परत आले, बाबा आले नाहीत. जाळं ओढायला उठलो तेव्हा सुकाणूपाशी कोणी नव्हतं, एवढंच त्या दोघांना सांगता येत होतं. त्यांनी ते पोलिसांना, आम्हाला, अख्ख्या कोळीवाड्याला इतक्यांदा सांगितलं की पुढेपुढे ते पाठ केल्यासारखं ऐकू यायला लागलं. भाऊ रेवसपासून खाली मुरूडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडून आला. प्रेत कुठेच लागलं नाही.

मी तेव्हा उरणला होते. लग्न होऊन तिकडे गेलेली, एका कंटेनर यार्डाच्या गेटवर ट्रेलरचे पास बनवायचं काम करते. भावाचा फोन आला, मी "बरं" म्हटलं आणि समोर उभ्या असलेल्या ड्रायव्हरचा पास पुरा करून दिला. त्याला गाडीचा नंबर दोनदा विचारला, एवढंच आठवतं. नंतर लोक म्हणाले, रडून घे गो बाई, मोकळी हो. आता रडू येत नाही त्याला मी काय करू? कांदा कापू? जे आत बधिर होऊन बसलं ते बसलंच, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला त्रासही नव्हता. कामं होत होती.

होडी बाबांच्या नावावर. परवाना बाबांच्या नावावर. मत्स्यखात्याच्या ऑफिसात गेलो की एकच उत्तर मिळायचं, मालकाला घेऊन या, नाहीतर मालकाच्या मृत्यूचा दाखला आणा. दाखला द्यायला मयत लागतं. मयत दर्यानं दिलं नव्हतं. सात वर्षं थांबा, मग कोर्टात जा, असं एकजण म्हणाला, तेव्हा मला वाटलं हा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता, कायदाच तसा आहे. तोवर भाऊ दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून जात राहिला आणि आमची होडी घराच्या मागे, माडांच्या सावलीत, विणलेल्या झावळ्यांच्या झापांखाली पडून राहिली. लाकडाची होडी पाण्यात नसली की सुकते, फळ्यांच्या सांध्यांत फटी पडतात. भाऊ दर वर्षी कापूस ठासायचा, तेल लावायचा. यंदा मात्र म्हणाला, ताई, अजून एक उन्हाळा गेला तर ही चुलीतच घालायला लागेल.

म्हणून मी कोर्टाचं मनावर घेतलं.

आईचं काय चाललं होतं ते सांगते. तिनं कपाळाचं कुंकू पुसलं नव्हतं, गळ्यातलं काढलं नव्हतं, हातातल्या बांगड्या उतरवल्या नव्हत्या. ना दहावा, ना बारावा. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "दर्यावर गेलेत." कोळणीनं नवऱ्याबद्दल रोज बोलायचं ते साधं वाक्य, आणि ती ते रोजच्याच आवाजात बोलायची. पहिल्या वर्षी लोकांनी ऐकून घेतलं. नंतर कुजबुज सुरू झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिच्यासमोर आल्या की करंडा धरलेला हात अर्धवट थांबायचा. लावावं की नको? एकदोघी तर तोंडावर बोलल्या, की जाऊबाई, आता पुरे, लोक हसतात. आईनं मग हळदीकुंकवाला जाणंच सोडून दिलं. बांगडी मात्र फुटली की लगेच नवी भरायची, हिरवीच.

कोर्टाच्या आवारात एक गृहस्थ टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं टाईप करून देतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी न बघताच आईला विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"दर्यावर गेलेत," आई म्हणाली.

"मग ते आले की त्यांचीच सही घ्या ना, तुम्ही कशाला तंगडतोड करताय?"

भावानं कपाळाला हात लावला. मला हसू आलं. हसू आलं म्हणून मी दुसरीकडे तोंड केलं, तर तिथे भिंतीला टेकून एक नवरा-बायको उभे होते, घटस्फोटाचे असावेत. दोघांच्या मध्ये एक पाण्याची बाटली होती आणि तहान लागली की दोघं तीच उचलत होते. आईनंही ते पाहिलं. "ह्यांचा अजून सुटला न्हाय," एवढंच म्हणाली. दावा दाखल झाला त्या दिवशी आम्ही तिघांनी कोर्टासमोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. तिखट होती, भावानं दोन पाव जास्त मागवले.

मग पेपरात जाहीर नोटीस आली. या इसमाबद्दल कोणास काही माहिती असल्यास त्यांनी मुदतीत कोर्टात कळवावे, असं काहीतरी. मी आईला वाचून दाखवली, उगाच दाखवली असं नंतर वाटलं. कारण त्या नोटिशीची मुदत संपेपर्यंत ती वाटच पाहत होती. दुपारी सुकट पसरून झाली की ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसायची. मी विचारलं, आये, इथे काय करतेस उन्हात? तर म्हणाली, "पेपरात इचारलाय ना. कोनी सांगाया आला तं घरात मानूस नको?" मला तिचा भयंकर राग आला. दया यायला पाहिजे होती, पण राग आला. कोणीही आलं नाही.

साक्षीची तारीख लागली. आदल्या दिवशी मी करंज्याहून तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या लाँचीत, बसून रेवसला उतरले आणि माहेरी मुक्काम केला. सकाळी आम्ही तिघं वकिलांच्या ऑफिसात पोहोचलो. वकील बरा माणूस होता, पण त्याला घाई फार. त्यानं आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"ताई, हे कसं चालेल? नवरा वारला म्हणून जाहीर करा असं आपण मागतोय आणि तुमची आई सवाष्णीसारखी उभी राहणार? जजसाहेबांनी विचारलं तर काय सांगू? बांगड्या काढायला सांगा. गळ्यातलं तरी आत घाला."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "मी गेली सात वर्षं सांगतेय."

हे काही खरं नव्हतं. मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं, की आजचा दिवस उरकावा आणि मी माझ्या गेटवर जाऊन बसावं.

वकील आईशी बोलायला गेला आणि त्याचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. तो हात मोकळा होता. डाव्यात कोपराकडे जाईपर्यंत हिरव्या बांगड्या, आणि उजव्यात एकही नाही. वकील एकदम खूश झाला.

"अहो, हे तर उत्तमच आहे! आजी, असं करा. हा उजवा हात पुढे कठड्यावर ठेवायचा. डावा पदराखाली. कळलं? जेवढं विचारतील तेवढंच बोला."

त्याला वाटलं म्हातारीनं दुःखात अर्ध्या काढल्या आणि अर्ध्या राहिल्या. मी त्याला सांगितलं नाही. आमच्यात लग्नाच्या दिवशी नवरीच्या उजव्या हातच्या बांगड्या दर्याला देतात. हा घे तुझा वाटा आणि माझा माणूस राख, असं ते असतं. त्यानंतर ती बाई जन्मभर एकाच हातात बांगड्या भरते. आता नव्या पोरी नाही करत असं. माझा नवरा ट्रेलर चालवतो, त्याला दर्याचं भय नाही, हायवेचं आहे. माझे दोन्ही हात भरलेले. पण आईच्या वयाच्या सगळ्या बायकांचा उजवा हात असा मोकळा असतो, आणि लहानपणापासून ते बघितल्यामुळे तो मोकळा आहे हे आम्हाला दिसतसुद्धा नाही.

आईनं गळ्यातलं ब्लाऊजच्या आत सरकवलं, डावा हात पदराखाली घेतला. इतकं मुकाट्यानं ऐकलं की मला शंकाच आली. ही अशी ऐकणारी नाही.

कोर्ट म्हणजे काय, लांब खोली, वर पंखे, खाली बाकडी. आमच्या आधी एका जमिनीच्या वाटपाचं चाललं होतं, तीन भाऊ तीन बाकड्यांवर बसलेले. आम्ही बसून राहिलो. भाऊ सारखा जजच्या खुर्चीकडे बघत होता. जज बाई होत्या, चाळिशीच्या, बोलण्यावरून घाटावरच्या वाटत होत्या. शांत होत्या. पुकारा झाला तसा आई उठली, चपला बाकाखाली काढून ठेवल्या आणि पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. कोणी चपला काढायला सांगितल्या नव्हत्या. शपथ झाली, ईश्वरसाक्ष खरं सांगेन वगैरे. मग वकिलानं विचारायला सुरुवात केली.

"तुमचे पती सात वर्षांपूर्वी समुद्रात मासेमारीला गेले होते?"

"व्हय."

"त्यानंतर त्यांचा फोन, चिठ्ठी, निरोप काही आलं?"

"न्हाय."

"तुमच्या नात्यातल्या, गावातल्या कोणी त्यांना कुठे पाहिलं?"

"न्हाय."

"म्हणजे ते आता हयात नाहीत असं तुम्ही समजता?"

आई गप्प. वकिलानं तोच प्रश्न फिरवून विचारला. आई गप्पच. भाऊ माझं मनगट दाबून धरून बसला होता. मी मनात म्हणत होते, बोल गो बये, एक शब्द बोल, त्याची होडी सुकतेय. आणि दुसरीकडे मला अगदी काहीही वाटत नव्हतं. समोर कोणाची तरी आई उभी आहे आणि मी बघतेय, एवढंच.

जजबाईंनी मान वर केली. त्यांना कठड्यावरचा आईचा हात दिसला. त्या फार मायेनं बोलल्या, त्यांच्यात काही खोट नव्हती.

"आजी, घाबरू नका. बांगड्या काढल्यात ना तुम्ही?"

आईनं आपल्या हाताकडे बघितलं. वकिलाचा चेहरा खुलला.

"व्हय," आई म्हणाली. "काढल्या."

"कधी काढल्या?"

"लगनाच्या दिवशी."

टाईप करणाऱ्या बाईंचा हात थांबला. जजबाईंना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"लग्नाच्या दिवशी?"

तेव्हा आईनं पदराखालचा डावा हात बाहेर काढला आणि उजव्याशेजारी कठड्यावर ठेवला. बांगड्या वाजल्या. वकिलानं डोळे मिटले.

"शपत घेतली मी, मंग लपवू कशी?" आई म्हणाली. "बाय, आमच्यात लगनाच्या दिवशी उजव्या हातच्या बांगड्या दर्याला देतान. त्यान आपला मानूस राखावा म्हनून. मी पन दिल्या. त्या मापान त्यान राखला. येवरी वरसां रोज धाडला नि रोज त्यान परत दिला. वादलात दिला, धुक्यात दिला. माजी काय तक्रार न्हाय." ती थांबली. पाणी हवंय का, कोणीतरी विचारलं, तिनं मान हलवली. "मंग यकदा न्हाय दिला. सात वरसां झाली. मी डाव्या हातच्या ठेवल्या. मना वाटला, मी काढल्या तं दर्याला वाटेल हिना सोडला."

जजबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "आणि आता काय वाटतं तुम्हाला? देईल परत?"

आई दोन्ही हातांकडे बघत राहिली.

"न्हाय," ती म्हणाली. "आता न्हाय द्यायचा."

भावानं माझं मनगट सोडलं. जजबाईंनी टाईप करणाऱ्या बाईंना सांगितलं, "पती परत येण्याची कोणतीही शक्यता नसल्याचे साक्षीदाराचे म्हणणे आहे." त्या वाक्याचा मला राग आला. आईनं काय सांगितलं आणि कागदावर काय उतरलं! उठून भांडावं असं वाटलं. सात वर्षांत मला इतकं काही वाटलं नव्हतं, म्हणून मी जराशी दचकलेच. पण उठले नाही. कागदाची भाषा तीच, मी स्वतः रोज गेटवर तीच लिहिते.

बाहेर आल्यावर वकील आधी फुगला होता, मग म्हणाला, "झालं ते बरंच झालं म्हणायचं." आईनं हातात धरून आणलेल्या चपला घातल्या, भावाला विचारलं, "होरी मिलंल ना रं?" आणि गळ्यातलं पुन्हा बाहेर काढलं.

निकालाची नक्कल हातात पडायला पावसाळा उलटला. नक्कल घ्यायला मी एकटीच गेले, भाऊ दुसऱ्याच्या बोटीवर होता. वकिलानं मला ती समजावून सांगितली. दावा मंजूर. बाबांना मृत समजावं.

"आणि तारीख?" मी विचारलं. "मृत्यूची तारीख कोणती धरली?"

"दावा दाखल झाला ती."

"पण ते गेले सात वर्षांपूर्वी."

"हो, पण त्या दिवशी ते मेले याला पुरावा कुठाय? सात वर्षं काही कळलं नाही म्हणून कोर्ट आता मृत्यू झाला असं धरतं. त्याच्या आधीची तारीख देता येत नाही."

मी नक्कल पिशवीत घातली आणि एसटी स्टँडवर येऊन बसले. दावा दाखल झाला तो दिवस म्हणजे मिसळीचा दिवस. कोर्टाच्या हिशेबानं आम्ही पाव मोडत होतो तेव्हा बाबा गेले. मला संताप आला, कोणावर ते कळेना. हे आईला कसं सांगायचं, तेही कळेना. न सांगावं तर दाखल्यावर तीच तारीख येणार, भाऊ वाचणार.

घरी पोहोचले तेव्हा आई होडीपाशी होती. झापं काढली होती आणि ती फळ्यांवरची धूळ फडक्यानं पुसत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. होडी मिळणार. बाबा गेले असं कोर्टानं सांगितलं. आणि तारीख ही.

तिचा हात थांबला.

"त्या दिवशी?"

"हो."

"म्हंजे तवर व्हता?"

"कागदावर, आये. कागदावर तवर होते."

"कोर्टान लिवलाय ना?"

"लिवलाय."

"मंग तवर व्हता," ती म्हणाली. तिचा चेहरा असा सैल झाला, की मी तो ओळखलाच नाही. "सगल्या बोलायच्या मना, कशाला भरतेस, कोनासाठी भरतेस. व्हता म्हनून भरत व्हते. मी काय चुकीची न्हवते."

ती होडीच्या कडेला टेकून बसली. मला खोबरेल आणायला सांगितलं. मी वाटी आणून दिली. तिनं डाव्या हाताला तेल चोळलं आणि एकेक बांगडी उतरवली, एकही न फोडता. बोटांचे पेर सुजलेले, वेळ लागला. मी मदत करायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला. मग गळ्यातलं काढून पदराच्या टोकाला बांधलं. बांगड्या मात्र माझ्या रुमालात घातल्या.

"तरीत बसशील ना आता? मध्यात गेलीस का टाक. उजव्या हातच्या तिकरंच हायत. ह्या यकल्या ठेवून मी काय करू?"

मी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि निघाले. रेवसच्या धक्क्याला करंज्याची तर लागलेलीच होती. गर्दी नव्हती. रेवसकडे मासळी विकून आता करंज्याला परत चाललेल्या बायका असतात तशा दोघीतिघी, दोन मोटरसायकली, एक शाळामास्तर. खाडीच्या मध्यावर आल्यावर मी कठड्याशी गेले, रुमाल सोडला आणि बांगड्या एकेक करून पाण्यात टाकल्या. आवाजसुद्धा झाला नाही, इंजिनाचाच आवाज होता.

पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी कोळीण माझ्याकडे बघत होती. तिचाही उजवा हात मोकळा.

"लगीन कोनाचा गो बाय?" तिनं हसून विचारलं.

खरंच, बांगड्या दर्यात टाकताना बाई दिसली तर आमच्यात दुसरं काय विचारणार?

"लग्न नाही," मी म्हटलं. "माझा बापूस गेला."

सात वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले. अर्जांवर लिहिलं होतं, ऑफिसांत सांगितलं होतं, पण तिथे ते "अर्जदाराचे वडील" होते.

म्हातारीचं हसू गेलं. "कवा?"

कोर्टाची तारीख माझ्या तोंडावर आली. मग दुसरी, सात वर्षांपूर्वीची आली. दोन्ही बोलवेनात.

"आज," मी म्हटलं.

म्हातारीनं पाटी बाजूला सरकवली आणि मला शेजारी बसवून घेतलं. करंजा येईपर्यंत मी रडत होते, आणि उतरायच्या वेळी तिनंच माझी पर्स उचलून माझ्या हातात दिली.